शुद्धीतलं बोलणं

४ मार्च

दुपारी हॉस्पिटलमधून फोन. "पेशंट तुमचे मिस्टर का?" मी म्हटलं, होते — म्हणजे आहेत — म्हणजे, हो. पलीकडची नर्स वैतागली. "बाई, एक काय ते सांगा, मला लिहायचंय."

आहेत! कायद्याने आहेतच. आमचं भांडण असं कधी झालंच नाही. तो बदलीच्या गावी गेला, मी इथे माझ्या लॅबमधल्या उंदरांपाशी राहिले. आधी दर शनिवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, मग कामापुरता, मग कामंही फोनवर व्हायला लागली. रीतसर वेगळं व्हायचे कागद करायचा दोघांनाही कंटाळा. आळशी माणसांचे संसार असेच टिकतात.

तो जमिनीचे नकाशे काढतो. काल ऑफिसात त्याने बूट काढले, ड्रॉवरमध्ये नीट ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली शिपायाच्या हातात देऊन म्हणाला, "मालक आले की द्या." सगळे हसले. मग सही करायला घेतली तर स्वतःचं नाव लिहिता येईना, तेव्हा हसायचे थांबले. रात्री इथल्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं.

मी गेले. "हात पुढे कर, तळवे ताठ धर," म्हटलं. दोन्ही पंजे पडत होते, सावरत होते, परत पडत होते. लिव्हर गेलं की हात असे फडफडतात, हे मी इतकी वर्षं मुलांना शिकवतेय. फळ्यावर चित्रसुद्धा काढते.

तो माझ्याकडे बघून हसला. "उंदीरमामी! किती उशीर! चल, घरी जाऊ."

उंदीरमामी. लग्न नवं असताना म्हणायचा. मी बाहेर जाऊन उगाचच दोन ग्लास पाणी प्यायले.

५ मार्च

लिव्हर पार कडक झालंय. हा माणूस थेंबाला शिवलेला नाही, तरी वॉर्डातला प्रत्येक जण हळूच विचारून जातो — "बरीच घ्यायचे का?" नाही हो! बसून काम, गोडाची आवड आणि अंगात साठलेली चरबी. तीही लिव्हर खाते. कोणाला पटत नाही.

माझा विषय माझ्याच दारात येऊन बसला. रक्तातला अमोनिया लिव्हरला साफ करता येईना की तो मेंदूत चढतो आणि माणूस भ्रमतो — एवढं पुस्तकात आहे. माझा वाद त्यापुढचा. अमोनिया हा एकटा चोर नाही. तो शिरला की मेंदूतल्या पहारेकरी पेशी खवळतात, आणि चोर राहतो बाजूला, घरातल्यांनाच झोडपत सुटतात. मेंदूला दाह होतो. तो दाह उतरवला, तर अमोनिया तसाच असूनही शुद्ध राहील का? या एका प्रश्नापायी माझे केस पांढरे झाले.

माझं औषध अजून उंदरांच्याच नशिबात. माणसाला द्यायला कित्येक वर्षं जातील. त्याला तेच जुनं, गोड, पाकासारखं पातळ औषध. पोट साफ ठेवायचं, अमोनिया बाहेर काढायचा. दिवसातून दोन-तीनदा झालं पाहिजे. कमी नको, जास्तही नको. डॉक्टर म्हणाले, "त्या बेताने डोस कमीजास्त तुम्हीच करा. तुम्हाला मी काय सांगणार!"

९ मार्च

घरी आणला. दुसरीकडे कुठे नेणार? त्याची बहीण — आमच्या वन्सं — लांब राहतात, गुडघे धरलेले. फोनवर म्हणाल्या, "तू आहेस म्हणून निर्धास्त आहे गं." घ्या!

मागच्या खोलीतले मासिकांचे गठ्ठे भिंतीला रेटून पलंग टाकला. संध्याकाळी तो माझ्या बाहीचं टोक धरून बसला. "तुझी सायकल आत घेतलीस का? दव पडतं." ती सायकल विकून किती काळ लोटला! मी म्हटलं, घेतली. "कुलूप?" लावलं. "शहाणी."

सकाळी चाचणी घेतली — एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगायचे. साधी आहे, पण मेंदूवरचं मळभ बरोबर पकडते. त्याची उत्तरं: उंदीर, उंदीर, मांजर, तू.

१० मार्च

लॅबमध्ये दिवसभर लक्ष नाही. दव पडतं म्हणे!

१६ मार्च

औषध लागू पडलं. हात स्थिर. प्राणी धडाधड — पाणघोडा, खवलेमांजर, कुठले कुठले. दाढी केली. पांघरुणाची घडी घालून उशाशी ठेवली, पाहुण्यासारखी. मी चहा दिला तर म्हणाला, "तुम्हाला फार त्रास झाला माझ्यामुळे."

तुम्हाला!

बरा झाला. आनंद व्हायला हवा. झालाही. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला तो खुळा हवाय. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय. मला सायकल आत घेतली का विचारणारा हवाय. आणि त्याला घालवायचं औषध मी स्वतःच्या हाताने मापून देतेय.

२२ मार्च

लॅबमध्ये शंकासुराशी वाजलं. पलीकडच्या टेबलावरचा माझा सहकारी. कुठलाही आकडा दाखवा, त्याची शंका तयार. म्हणून हे नाव, आणि त्याला ते आवडतं. उंदरांचे दोन गट आहेत. लिव्हर दोघांचंही बिघडवलेलं. एकाला माझं औषध, दुसऱ्याला नुसतं पाणी. शेपटीवर हिरवी नाहीतर पिवळी खूण. कुठली कोणाची ते फक्त शंकासुराला माहीत.

मी म्हटलं, "औषध हिरव्यांना दिलंयस. बघ किती तरतरीत फिरतायत!"

"तुला उत्तर हवंय ना?" तो म्हणाला. "मग तू मोजायचं नाहीस. ज्याला उत्तर हवंय त्याला तेच दिसतं."

"मला शिकवतोस?"

"हो."

२६ मार्च

सकाळी पेला हातात घेऊन उभी होते. एक वेळ नाही दिलं तर? दोन वेळा? परवापर्यंत तो परत बाहीचं टोक धरून बसेल.

दिलं. त्याने पिऊन पेला विसळून ठेवला. माझी मलाच भीती वाटली.

२ एप्रिल

भांडी घासत होता (ऐकत नाही). मागे न बघता म्हणाला, "उंदीरमामी, साबण संपला."

माझ्या हातून बशी सुटता सुटता राहिली. लगेच हात पुढे करायला लावले. स्थिर. प्राणी विचारले. माझ्यापेक्षा जास्त सांगितले, वर म्हणाला, "आता पक्षी सांगू का?"

पण मी फसणारी नाही. या दुखण्याची एक छुपी अवस्था असते — चाचण्या ठीक येतात आणि आतून मेंदू झाकोळलेलाच असतो. पहिला फरक स्वभावात पडतो. त्यावर माझा स्वतःचा लेख आहे! रात्रीचं औषध थोडं वाढवलं. "आज जास्त?" म्हणाला. "हो," म्हटलं. प्यायला.

९ एप्रिल

मी बसमधून उतरले तर थांब्यावर उभा. घराची वाट माहीत, वेळ माहीत, शर्टाची बटणं बरोबर. मी विचारलं, काय झालं?

"काही नाही. तुझी वाट बघत होतो. तू नसलीस की घर खायला उठतं."

पिशवी माझ्या हातातून घेतली. घरापर्यंत शेजारी शेजारी चालत आलो. रस्ता एवढासाच आहे, आजच्याइतका आखूड कधी वाटला नव्हता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने मान हलवली तर मी लाजले! या वयात!

मग घरी येऊन विचार केला. धडधाकट असताना हा माणूस असलं एक वाक्य कधी बोललेला नाही. वाट बघितली असेल, पण बोलला नाही. तेव्हा हे बोलणं त्याचं नाही, दुखण्याचं आहे. भावनेच्या भरात जाणं मला परवडणार नाही. आणखी वाढवलं.

११ एप्रिल

सकाळपासून चार-पाचदा संडासला गेला. चालायचंच. साफ होतंय.

१७ एप्रिल

रविवार. दुपारी मी पेपर तपासत होते. त्याने माझी पट्टी आणि पेन्सिल मागून घेतली. आजारानंतर पहिल्यांदाच काहीतरी काढत बसला. तासाभराने कागद माझ्यासमोर ठेवला. याच घराचा नकाशा — खोल्या, दारं, ओटा, अगदी न लागणारी खिडकीसुद्धा. सुरेख. एक रेघ हललेली नाही. पुढच्या खोलीत खिडकीपाशी एक चौकोन.

"हे माझं टेबल," म्हणाला. "मापून बघितलं, बसतं. मी इथेच राहू का? म्हणजे — बरा झाल्यावरसुद्धा?"

माझे कान गरम झाले. हो म्हणावंसं वाटलं. एवढं कधी काही म्हणावंसं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "बघू."

'बघू' म्हणाले कारण — खरं काय ते लिहिते. मी हो म्हणायचं, टेबल आणायचं, आणि एका सकाळी तो पूर्ण शुद्धीवर येऊन "तुम्हाला त्रास नको" म्हणून घडी घातलेलं पांघरूण उशाशी ठेवून निघायचा! एकदा गेला तेव्हा माझं काय झालं ते मी कोणाला कळू दिलं नाही. आता मला जमणार नाही. आधी त्याचा मेंदू लख्ख होऊ दे. लख्ख झाल्यावर विचारलं, तर एका पायावर हो म्हणेन.

संध्याकाळचा पेला काठोकाठ भरला. तो पेल्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"समजलं," म्हणाला. आणि प्यायला.

१९ एप्रिल

परत "तुम्ही". परत पांघरुणाची घडी. म्हणजे माझं बरोबर होतं, डोस पुरेसा झाला. आता हाच ठेवायचा.

घर खायला उठतं. आणि तो घरात असतो.

२८ एप्रिल

काही बोलत नाही. मी बसमधून उतरले की थांब्याकडे आधी बघते. मग दुसरीकडे बघते, कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. वन्संशी मात्र फोनवर हळू आवाजात बोलतो, एकदा हसलासुद्धा. मी खोलीत गेले तर म्हणाला, "ठेवतो, ताई."

मत्सर वाटला. नणंदेचा! या वयात!

६ मे

गट उघडले! शंकासुराने पाकीट फोडलं. औषध पिवळ्यांना होतं. पिवळ्यांच्या मेंदूतले पहारेकरी शांत, दाह निम्म्याहून खाली, आणि रक्तातला अमोनिया दोन्ही गटांत सारखाच. म्हणजे माझं म्हणणं खरं! इतक्या वर्षांनी!

आणि ज्यांच्या तरतरीतपणावर मी शपथ घ्यायला तयार होते, त्या हिरव्यांना नुसतं पाणी. ती तरतरी नव्हतीच, नुसती सैरावैरा धावपळ होती. शंकासुराने पेढ्यासारखा आनंदी चेहरा करून विचारलं, "कोण मोजणार होतं?" मी म्हटलं, गप्प बस. दोघं खूप हसलो.

घरी धावत आले, त्याला सांगायला. आडवा होता. ओठ सुकलेले. डोळे न उघडता "छान" म्हणाला. मी त्याच्यावर चिडले. आयुष्यभराचं काम आणि "छान"!

१० मे

हॉस्पिटल. काल सकाळी शर्टाचं बटण लावता लावता थांबला आणि बोटांकडे बघत राहिला. हात फडफडत होते. मग मला ओळखलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला किती वेळा होत होतं?" सहा-सात, म्हटलं. "डोस?" सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अंगातलं पाणी गेलं, क्षार गेले. त्यामुळेच मेंदू परत झाकोळला. तुम्हाला हे ठाऊक असणार."

ठाऊक आहे. परीक्षेत विचारते मी हे.

"मग वाढवला कशावरून?"

काय सांगणार? माझ्याशी चांगलं बोलत होता, त्यावरून? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. बैलाचं काय, माणूस चाललाय.

११ मे

डोळे मिटलेले. सलाइन चालू. हाक मारली तर भुवई हलते. मग तीही नाही.

१३ मे

वन्सं आल्या, गुडघे घेऊन. त्याच्या कपाळावर हात फिरवला, मग मला घेऊन बाकावर बसल्या. मी डोसाचं सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये गं," म्हणाल्या. मग त्यांना एकदम हसू आलं. "आता उलगडा झाला! मला फोनवर म्हणायचा — ताई, या घरात गोड बोललं की जुलाब होतात. दोनदा बोलून बघितलं, दोन्ही वेळा पेला मोठा झाला. तिसऱ्यांदा जरा जास्तच बोललो, तर काठोकाठ! आता तोंड बंद. मला वाटलं, चेष्टा करतोय. तुम्हा दोघांचं काय ते तुम्हालाच ठाऊक, म्हणून मी..."

माझा चेहरा बघून थांबल्या.

"तेव्हा तो शुद्धीत होता?" मी विचारलं.

"नाही तर काय! माझ्या माडीचा जिना कुठून काढायचा ते मिस्त्रीला फोनवर तोंडी सांगत होता. मिस्त्रीने तसाच बांधलाय. एक पायरी चुकलेली नाही."

शुद्धीत होता. साबणाच्या दिवशी, थांब्यावर, नकाशा काढताना. आयुष्यात पहिल्यांदा मोकळं बोलायला शिकला आणि मी त्याला दर वाक्याला संडासात धाडलं. वन्सं हसतायत म्हणून मीही हसले. मग थांबता येईना. मग ते हसणं राहिलं नाही. त्यांनी मला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

१५ मे

शंकासुर भेटायला आला. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल — ज्याला उत्तर हवंय... तसं काही म्हणाला नाही. बाजूला बसून राहिला. जाताना म्हणाला, "तुला ते उत्तर नको होतं म्हणून नाही झालं हे. फार हवं होतं म्हणून झालं."

१८ मे

आज भुवई हलली. बोट दाबलं तर ओढून घेतलं!

घरी जाऊन खिडकीजवळची जागा मोकळी केली. पुस्तकांचं कपाट एकटीने ढकललं, कंबर गेली. टेबल खरंच बसतंय.

त्याच्या उशाशी बसून मनात घोकते — हो. राहा. बरा झाल्यावरसुद्धा. मोठ्याने म्हणून बघितलं तर शेजारच्या कॉटवरचे आजोबा म्हणाले, "राहतोय की बाई, मला कुठे जायचंय!"

२० मे

डोळे उघडतो. पाणी मागितलं. औषध आता नर्सच देतात, मी पेल्याला हात लावत नाही.

वन्सं म्हणाल्या, "सोडलं की मी घेऊन जाते. रागावू नकोस. तुझ्या हातून नको आता." रागावले नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. एवढंच म्हटलं, त्यालाच विचारू या. तो काय म्हणेल ते मला माहीत आहे, हे नाही सांगितलं. जिवाला नुसती ओढ लागलीय. नीट बोलायला लागू दे, पहिलं वाक्य माझं.

२४ मे

पूर्ण शुद्धीवर आला. डॉक्टरांनीच तपासलं, मी बाहेर थांबले. मेंदू लख्ख आहे म्हणाले. फक्त मार्चपासूनचं काहीच आठवत नाही. ऑफिसातल्या टेबलानंतर एकदम हे छत. कधीकधी होतं असं. थोडं परत येईल, किंवा येणारही नाही. मी आत गेले. "तुम्हाला फार त्रास झाला," म्हणाला. ताईकडे जाईन म्हणाला. मग, जरा लाजत — "भ्रमात मी काही वेडंवाकडं बोललो का?" मी सांगत गेले. सायकल, साबण, बसथांबा. तो ऐकत होता, कान लाल झाले होते, मधे मधे हसत होता. "आणि?" म्हणाला.

"एवढंच," म्हटलं.

राहू का विचारलं होतंस, हे सांगितलं नाही. सांगितलं तर भिडेखातर राहील. त्याचं त्याने विचारायला हवं. वन्संनी गाडी उद्या सकाळची सांगितली आहे.